आक्रमण-प्रमुख पाहिजे

रविवार, २४ नोव्हेंबर

नोरीन म्हणाली, "लाइल, माझं डोकं खाण्यापेक्षा एखाद्या वहीचं खा." म्हणून ही वही. बायकोचं म्हणणं मी सहसा ऐकत नाही, पण आज घरात दुसरं कोणी माझं ऐकायला तयार नाही.

काल मोसमातला शेवटचा सामना हरलो. अकरा सामन्यांत दोन विजय, आणि त्यातला एक अशा कॉलेजविरुद्ध, ज्यांच्या बँडमध्ये संघापेक्षा जास्त धडधाकट पोरं आहेत. टॅलमन स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून माझं हे चौथं वर्ष. गावकऱ्यांच्या नजरा बघता पाचवं काही दिसत नाही.

शेवटचं मिनिट डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही चार गुणांनी मागे, हाताशी चारपैकी शेवटची संधी आणि गुणांची रेषा फक्त एका यार्डावर. मिलो वरच्या काचेच्या खोलीत बसलेला. मिलो वाव्रा हा माझा आक्रमण-प्रमुख. चेंडू आपल्याकडे असताना कोणती चाल खेळायची हे वरून बघून हेडसेटमधून सांगणं, हे त्याचं काम. तो म्हणाला, "लाइल, फेकायला सांग. कोपऱ्यातला उंच पोरगा मोकळा आहे." मी म्हणालो, "एका यार्डासाठी फेकाफेकी कसली? मधूनच घुसवू." घुसवलं. पोरांचा ढीग झाला आणि चेंडू रेषेच्या अलीकडेच राहिला.

आजच्या पेपरात आलंय, 'वाव्रांची शेवटची चाल फसली.' आता चाली मिलो सांगतो, तर चाल मिलोचीच म्हणणार. मी फक्त सुचवलं. मुख्य प्रशिक्षकाने सुचवायचंही नाही, तर काय नुसत्या शिट्ट्या फुंकायच्या?

क्रीडासंचालक ग्वेनबाईंनी उद्या सकाळी बोलावलंय.

सोमवार, २५ नोव्हेंबर

ग्वेनबाई लिंडक्विस्ट हसल्या की समजावं, आता काही खरं नाही. आज त्या दोनदा हसल्या.

"लाइल, तुम्हाला अजून एक मोसम द्यावा असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण विश्वस्तांपुढे रिकाम्या हाताने कशी जाऊ? आक्रमण बदलल्याचं काहीतरी दिसायला हवं."

"म्हणजे मिलो?"

"मी नाव घेतलं नाही. माणसं तुमची आहेत."

मी माझ्या खोलीत आलो. मिलो आधीच येऊन पुढच्या वर्षीच्या चालींचे कागद लावत बसला होता. एकोणीस वर्षं आम्ही एकत्र आहोत. माझ्याबरोबर त्याने तीन कॉलेजं बदलली, दर वेळी बायको डार्लीन आणि मुलांसह गाशा गुंडाळून माझ्या मागे आला. त्याचं घर आमच्यापासून तीन दारं सोडून आहे. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर सांगता आलं नसतं.

त्याने एवढंच विचारलं, "हे तुला वाटतंय की तिला?"

"दोघांनाही," मी म्हणालो.

त्याने कागद सारखे केले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "डार्लीनने गुरुवारसाठी खसखस भरलेले गोड पाव, कोलाच, करायला घेतलेत. तिला काय सांगू?"

मी किल्ली उचलून खणात टाकली. पण एक गोष्ट स्पष्ट आहे: मिलोसाठी मी बुडालो असतो तर त्यालाही काही फायदा झाला नसता. आता चांगला आक्रमण-प्रमुख मिळाला पाहिजे. नाही मिळाला, तर पुढच्या वर्षी या दिवशी माझी किल्ली कोणाच्या तरी टेबलावर असेल. वय चोपन्न. मला दुसरं काही येत नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग, दर वर्षी वाव्रांबरोबर जेवायचा सण. टर्की सहा जणांपुरती होती, जेवायला आम्ही दोघंच. नोरीन घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन वाव्रांच्या दारात जाऊन आली. डार्लीनने तो घेतला, आभार मानले आणि आत बोलावलं नाही.

"त्यांनी समजून घ्यायला हवं," मी म्हणालो. "आमच्या धंद्यात हे असंच चालतं."

"हो ना," नोरीन म्हणाली. "आणि भांडी तू घास. आमच्या धंद्यात आज हे असं चालतंय."

शनिवार, ३० नोव्हेंबर

पहिला उमेदवार हॅरलन टीग. चार कॉलेजांत आक्रमण सांभाळलेला, सत्तरीला टेकलेला, पण डोकं अजून वस्तऱ्यासारखं. नोरीनने चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट उसळ, आणि दालचिनीचे गोड रोल केले होते. हे दोन्ही एकत्र खाणारा प्रांत आपल्याला आवडतो, असं सांगून त्याने दोनदा वाढून घेतलं. मला वाटलं, जमलं.

मग कॉलेजवर फळ्यापुढे उभे राहिलो. आमच्यात मुलाखत फळ्यापुढेच होते. मी विचारलं, "तिसरी संधी, सात यार्ड हवेत. काय खेळाल?" त्याने गोल आणि फुल्या काढायला सुरुवात केली. चाल बरी होती, पण डावीकडचा गडी एक पाऊल आत हवा होता, म्हणून मी त्याच्या हातातला मार्कर घेऊन दुरुस्त केलं. पुढच्या चालीत थोडं, त्याच्या पुढच्या चालीत जरा जास्त. मला वाटलं, दोन जाणती माणसं मिळून काहीतरी घडवताहेत.

चौथ्या चालीला त्याने मार्कर परत घेतलाच नाही. टोपी शोधत म्हणाला, "लाइल हॉस्टेटर, तुम्हाला आक्रमण-प्रमुख नकोय. तुम्हाला फळा पुसायला माणूस हवाय."

म्हातारपणी माणसं चिडचिडी होतात. रोल मात्र सोबत बांधून घेऊन गेला.

सोमवार, २ डिसेंबर

दिवसभर फोन. पाच जणांशी बोललो. पाचही जणांनी ठरवून आल्यासारखे दोनच प्रश्न विचारले. पहिला, "कोच, तुमचा करार किती वर्षांचा उरलाय?" दुसरा, "चाली कोण सांगणार?"

पहिल्याला मी खरं उत्तर दिलं, एक. दुसऱ्यालाही खरंच दिलं: "चाली तुम्हीच सांगणार, मी फक्त हेडसेटवर असेन." एकजण म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. दुसरा म्हणाला, आईला विचारून सांगतो. तिसऱ्याने बहुधा कोणी उरलंच नाही म्हणून, नुसतंच कळवतो म्हटलं. बाकीच्या दोघांनी तेवढंही म्हटलं नाही.

खरं तर मला हवाय टेरेल ओडम. टेक्ससमध्ये ॲबिलीनच्या एका कॉलेजात आहे, चौतीस वर्षांचा. त्याचं आक्रमण मी रोज बघतो. बघताना मनातल्या मनात दुरुस्त्या करायची माझी सवय आहे, पण त्याच्या खेळात दुरुस्तीला जागाच सापडत नाही, आणि तेच मला खटकतं आणि आवडतंही. तीन निरोप ठेवले, त्याचा फोन नाही. शेवटी ग्वेनबाईंना सांगितलं, "मला हा माणूस मिळवून द्या, आपण वाचू."

"ओडम," त्या म्हणाल्या. "नाव चांगलं सुचवलंत." आणि लिहून घेतलं. इतक्या दिवसांत माझं काहीतरी त्यांना पहिल्यांदाच पटलं. बरं वाटलं.

बुधवार, ४ डिसेंबर

आज कटिंगला गेलो होतो. गुरांच्या चाऱ्यावर गब्बर झालेल्या आमच्या एका पाठीराख्याचं विमान कॉलेजच्या कामाला मिळतं. ते कुठे उतरतं याच्यावर गावातली रिकामटेकडी मंडळी फोनमधल्या नकाशावरून नजर ठेवून असतात. आमचा न्हावी अर्ल त्यांचा म्होरक्या.

"कोच," तो म्हणाला, "काल विमान ॲबिलीनला गेलं. दुपारभर तिथेच होतं. ग्वेनबाई आत होत्या म्हणतात."

मी खुर्चीतून उठलोच. अर्धं डोकं कापलेलं. "ओडमला आणायला गेल्या असणार," मी म्हणालो. "माझ्यासाठी."

अर्लची कात्री थांबली. आरशात तो माझ्याकडे बघत होता, मग खाली बघायला लागला. "असेल, कोच," तो म्हणाला. "असेल तसंच." आणि मला पैसे देऊ देईना. गाव अजून आपल्या बाजूने आहे, हे अशा वेळी कळतं.

नोरीनला सांगितलं तर ती हातातलं काम टाकून बसली. "लाइल, आक्रमण-प्रमुखाला आणायला कोणी विमान पाठवतं का? मिलोला आणायला तर तू आपली पिकअप घेऊन गेला होतास."

"तेव्हाचे दिवस वेगळे होते."

"ग्वेनला विचार ना सरळ."

"काय विचारू? माझ्यासाठी इतकं का करताय?"

ती परत कामाला लागली. नोरीनला या धंद्यात इतकी वर्षं झाली, तरी चांगली बातमी चांगली म्हणून घेता येत नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

ओडम आला. स्वतः आला. मी सकाळपासून तीन शर्ट बदलले.

उंच, सावकाश बोलणारा, हात मिळवताना डोळ्यांत बघणारा माणूस. पण पुढे दिवसभर डोळे चुकवत होता, बहुधा लाजाळू असावा. त्याच्या चौकसपणाने मी थक्क झालो. आक्रमणापुरतं विचारून थांबला नाही. पोरांची वसतिगृहं बघितली. बचावाचे प्रशिक्षक कसे आहेत, कोण पोरं कॉलेज सोडायच्या विचारात आहेत, गावातल्या शाळा कशा आहेत, सगळं विचारलं. कपडे बदलायच्या खोलीत तर एकटाच बराच वेळ उभा राहिला. मी मनात म्हटलं, पुढेमागे हा मुख्य प्रशिक्षक होणार. तसं त्याला बोलूनही दाखवलं. त्याला ठसका लागला.

मग म्हणाला, "कोच, मी तुमचे सगळे सामने पाहिले. पहिल्या तीन सत्रांत तुमचं आक्रमण फार सुंदर असतं. चौथ्यात दुसराच कोणी खेळवत असल्यासारखं वाटतं. असं का?"

"मिलो शेवटी घाबरायचा," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला.

फळ्यापुढे मी त्याच्या हातातून मार्कर फक्त एकदाच घेतला. शेवटच्या एका यार्डासाठी काय खेळाल, असं विचारलं. त्याने कोपऱ्यात फेक दाखवली. मी म्हणालो, इथे मधून घुसायला हवं, आणि काढून दाखवलं. तो माझ्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला पटलं असावं.

निघताना गाडीपाशी म्हणाला, "कोच, मला तुमच्याशी नीट बोलायचंय. पण आज मला परवानगी नाही. माफ करा."

त्याच्या आताच्या कॉलेजचा करार आडवा येत असणार. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, घाई नाही. खोटं बोललो. प्रचंड घाई आहे.

रविवार, ८ डिसेंबर

ओडमचा फोन नाही. ग्वेनबाई फोन उचलत नाहीत. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, दुसरं कॉलेज शोधतोय, असं त्याच्या आईने नोरीनला दुकानात सांगितलं. मी इथे बसून मनात मांडे खातोय, आणि तिकडे एकेक खांब निखळतोय.

चर्चला गेलो नाही. दोनदा घराच्या पायऱ्यांवर बसून ओडमला निरोप ठेवला. पहिला निरोप मोठेपणाचा होता. दुसरा असा: "टेरेल, सगळ्या चाली तुझ्या. मी हेडसेट घालणारच नाही. पाहिजे तर मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. फक्त हो म्हण." चोपन्न वर्षांच्या माणसाने वीस वर्षांनी लहान पोरापुढे इतकं नाक घासू नये. पण मला नोकरी हवी आहे. मला सकाळी उठून त्या मैदानावर जायचं आहे. नाही तर मी कोण आहे, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

मग टीगलाही फोन केला. म्हटलं, ये रे बाबा, तुझ्या हातातला मार्कर घेणार नाही.

तो म्हणाला, "लाइल, विमान तिसऱ्यांदा ॲबिलीनला गेलं म्हणतात."

"माहिती आहे. माझ्या आक्रमण-प्रमुखासाठी."

"हो का," तो म्हणाला. इतक्या हळू, की मला राग यायला हवा होता. राग आला नाही, भीती वाटली. "बायको घरी आहे ना तुझी? मग तिच्याजवळ जाऊन बस जरा."

सोमवार, ९ डिसेंबर

मला काढलं.

ग्वेनबाई या वेळी एकदाही हसल्या नाहीत, एवढं त्यांचं ऋण. टेबलावर पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवला होता. ओडम नवा मुख्य प्रशिक्षक. उद्या जाहीर होणार. "हा निर्णय आम्ही आनंदाने घेतलेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि लाइल, तुमचे आभार मानायलाच हवेत. नाव तुम्हीच सुचवलंत."

मी ग्लास उचलला आणि परत ठेवला. म्हणालो, "मग मिलोला का काढायला लावलंत?"

"मी कोणालाच काढायला लावलं नाही. तुम्ही पर्याय शोधलात."

खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं.

गाडीत बसलो आणि रडलो. ओठ चावून वगैरे नाही, मोठ्याने रडलो. अर्लला माहीत होतं. टीगला, नोरीनला, दुकानातल्या बाईलाही माहीत असेल. सगळं गाव विमान बघत होतं, आणि एकटा मीच त्यात माझा आक्रमण-प्रमुख बसलाय म्हणून हात हलवत होतो. त्या पोराला ठसका का लागला, ते आज कळलं. मला त्याचा राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला. आला तो स्वतःचा.

घरी आलो तर नोरीन दारातच उभी होती. कोटाची बटणं तिनेच काढली.

बुधवार, ११ डिसेंबर

दुपारी दार वाजलं. मिलो. मी त्याला काढल्यापासून पहिल्यांदाच आमच्या पायरीवर. हातात टोपी, डोक्यावर बर्फाचे कण. मला वाटलं, हिशोब चुकता करायला आला असेल, आणि मी म्हणालो असतो, कर बाबा, तुझा हक्क आहे.

"आत येऊ का?" तो म्हणाला.

"इतकी वर्षं कधी विचारलंस?"

"इतकी वर्षं तू मला काढलं नव्हतंस."

नोरीनने कॉफी ठेवली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली, कुस्ती लागली तर सोडवायला बसावं तशी. मिलो कपाकडे बघत राहिला.

"ओडमचा फोन आला होता," तो म्हणाला. "मला थांब म्हणतोय. आक्रमण-प्रमुख म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जेवढा गेलो तेवढा गेलो, आता माझा माणूसही त्याला हवा. तोंडापर्यंत शिवी आली होती. मिलोने ती ओळखली, तो माझ्या सगळ्या शिव्या ओळखतो.

"मी हो म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "तू नको म्हणालास तर नाही घेणार. डार्लीन म्हणते, मी मूर्ख आहे. मूर्ख तर मूर्ख. पण तुझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हाताखाली तुला न विचारता कसा जाऊ?"

"मी तुला विचारलं होतं का?"

"नाही. ते तुझं झालं."

नोरीन उठून खिडकीपाशी गेली, डोळे पुसायला गेली असावी.

"त्याने काही विचारलं का?" मी म्हणालो. "माझ्याबद्दल?"

"सामन्यांबद्दल विचारलं. म्हणाला, पहिली तीन सत्रं तुमची दिसतात, चौथं कोणाचं?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या दोघांचं."

त्याला खरं सांगता आलं असतं. त्या एका यार्डाचंही सांगता आलं असतं, आणि ओडमने विश्वास ठेवला असता, कारण त्याने माझ्या हातचा फळा पाहिला होता. मी हा माणूस घालवला आणि मग अख्ख्या देशात त्याच्यासारखा माणूस शोधत फिरलो. घर तीन दारं सोडून होतं.

"घे," मी म्हणालो.

"नीट विचार कर, लाइल."

"केला. पण आधी त्याच्याशी एक ठरवून घे. सामना चालू असताना तो तुझ्या कानात बोलणार नाही. एक शब्दही नाही. तू कोपऱ्यात फेक म्हणालास की कोपऱ्यातच फेकायचं."

मिलोने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तो मुख्य प्रशिक्षक आहे. काहीतरी सुचवणारच."

"म्हणून तर आधीच ठरवून घे म्हणतोय."

त्याने कॉफी संपवली आणि आमच्याच टेबलावरून फोन लावला. मी उठून जायला लागलो, तर त्याने हाताने बस अशी खूण केली. हो म्हणाला, अट सांगितली, पलीकडचं ऐकून घेतलं. मग ओडमने माझं विचारलं असावं.

"इथेच आहे, समोर बसलाय," मिलो म्हणाला. "नाही, काही म्हणत नाहीये. नुसता ऐकतोय."